शिलेदार आणि बारगीर : घोड्याच्या मालकीची भाषा

आजच्या मराठी वृत्तपत्रांतून ‘शिलेदार’ हा शब्द वारंवार वाचावयास मिळतो. एखाद्या नेत्याच्या विश्वासातील सहकाऱ्यांना त्याचे ‘शिलेदार’ म्हणण्याचा प्रघात आहे. कोणाचेही साहाय्य न घेता झुंजणाऱ्या माणसाला ‘एकांडा शिलेदार’ म्हणतात. ‘बारगीर’ हा शब्द मात्र ऐतिहासिक कादंबऱ्या व बखरी यांच्या बाहेर सहसा भेटत नाही. वस्तुतः हे दोघेही एकाच सैन्यातील घोडेस्वार. दोघांच्या हाती भाला तोच, दोघांनी केलेली दौड तीच. मग एकाच्या नावास प्रतिष्ठा आणि दुसऱ्याच्या नावास विस्मृती असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शौर्यात नाही, स्वारीच्या कौशल्यातही नाही. ते एका साध्या गोष्टीत आहे : शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे, बारगिराच्या मांडीखालचा घोडा दुसऱ्याचा असे. या एका भेदातून जी वर्गरचना निर्माण झाली, तिचा शब्दांच्या आधारे मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्दांचे मूळ

दोन्ही शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आले. ‘शिलेदार’ याचे मूळ रूप ‘सिलाहदार’. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र हा अरबी शब्द. त्याला ‘धारण करणारा’ या अर्थाचा ‘दार’ हा फारसी प्रत्यय लागला. शस्त्रागाराला आपण ‘शिलेखाना’ म्हणतो, त्यातील ‘शिले’ तोच. ‘बारगीर’ या शब्दात ‘बार’ म्हणजे ओझे व ‘गीर’ म्हणजे घेणारा. ‘बारदान’ या आपल्या नित्य वापरातील शब्दात हा ‘बार’ अद्याप टिकून आहे. फारसीत ‘बारगीर’ हे प्रथमतः ओझे वाहणाऱ्या जनावराचे नाव होते; पुढे दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करणाऱ्या स्वाराला ते लागले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. या दोन्ही शब्दांच्या घटकांत घोड्याचा निर्देश मुळीच नाही. एकात शस्त्र आहे, दुसऱ्यात ओझे आहे. तथापि व्यवहारात दोघांचाही अर्थ घोड्याच्या मालकीवर येऊन स्थिरावला. जो शस्त्र धारण करतो तो मालक ठरला आणि ज्याचे नाव भारवाहू जनावराचे होते तो पराधीन स्वार ठरला. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते. त्याची पुढील जात समाज ठरवतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

मोगल अमदानीतील परिभाषा याहून उघड आहे. फारसी ‘अस्प’ हा आपल्या ‘अश्वा’चा सगोत्र. त्यावरून ‘यकअस्पा’, ‘दुअस्पा’, ‘सिहअस्पा’ म्हणजे एक, दोन वा तीन घोडी बाळगणारा स्वार. ‘खुदअस्पा’ म्हणजे स्वतःचा घोडा असलेला. आणि ‘नीमअस्पा’ म्हणजे अर्ध्या घोड्याचा धनी, अर्थात दोघांत मिळून एक घोडा असलेल्यांपैकी एक. माणसाची गणना घोड्यांच्या अपूर्णांकात करणारी ही भाषा पाहिली म्हणजे त्या काळी प्रतिष्ठेचे माप कोणते होते हे निराळे सांगावे लागत नाही. घोड्याची जातही या मापात धरली जाई. आईन-इ-अकबरीत घोड्यांचे अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताझी व जंगला असे वर्ग दिले आहेत. इराकी घोड्याच्या स्वारास दरमहा ३० रुपये, तर जंगला घोड्याच्या स्वारास १२ रुपये असा वेतनाचा भेद तेथे नोंदलेला आहे. स्वार तोच असला तरी त्याच्याखालचे जनावर बदलताच त्याचे मोल अडीचपटीने कमीअधिक होई.

२. वेतन कोणाचे – माणसाचे की घोड्याचे?

शिलेदारास बारगिरापेक्षा अधिक वेतन मिळे, एवढे वाचून शिलेदार सुखी व बारगीर दुःखी असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शिलेदाराच्या वेतनात दोन वेतने एकवटलेली असत : एक स्वाराचे व दुसरे घोड्याचे. घोड्याची खरेदी, दाणावैरण, नालबंदी, खोगीर, आजारपण हा सारा भार त्याच्याच शिरावर असे. चाकरी नसली तरी घोड्याला खावयास घालावेच लागे. बारगिराचे तसे नव्हते. त्याचा घोडा सरकारच्या पागेतील असो वा एखाद्या मोठ्या शिलेदाराचा असो, त्याला केवळ आपल्या अंगमेहनतीचा मोबदला मिळे. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर शिलेदार भांडवल व श्रम दोन्ही लावीत असे. बारगीर फक्त श्रम लावीत असे.

परंतु खरी दरी या दोघांच्या मध्ये जितकी होती, तितकीच ती शिलेदारवर्गाच्या अंतर्भागातही होती. ज्याच्या दावणीला एकच घोडा तोही शिलेदार, आणि ज्याच्या दावणीला वीस-पंचवीस घोडी तोही शिलेदार. भाषेने दोघांना एकच नाव दिले. दैवाने मात्र दोघांना सारखे वागविले नाही. वीस घोड्यांच्या धन्याचा एक घोडा पडला तर त्याच्या भांडवलाचा विसावा हिस्सा गेला. एका घोड्याच्या धन्याचा घोडा पडला तर त्याचे सर्वस्व गेले. दुसरा घोडा घेण्यास कर्ज मिळाले नाही तर काल शिलेदार असलेला मनुष्य आज दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसे. उलट, मोठा शिलेदार आपल्या जादा घोड्यांवर भाऊबंद वा पगारी बारगीर बसवी व त्यांच्या चाकरीतील नफा आपण घेई. अशा रीतीने धाकटा शिलेदार व बारगीर यांच्यामध्ये फक्त एका जनावराच्या प्राणाचे अंतर होते.

मराठा सैन्यातील स्वार आपल्या घोड्यास फार जपतो, निर्वाणीच्या गर्दीत तो घालावयास कचरतो, असा आक्षेप पाश्चात्त्य लेखकांनी घेतलेला आहे. वरील हिशेब लक्षात घेतला म्हणजे या आक्षेपाचा अर्थ पालटतो. जेथे घोडा हा संसाराचा आधार, तेथे त्याला जपणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या अखेरीस व १७६१ च्या आरंभी छावणीची दाणावैरण तुटली आणि घोडी उपाशी मरू लागली. तेव्हा पागेतील बारगीर पायउतार झाला. परंतु शिलेदार पायउतार झाला आणि निर्धनही झाला. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपूर्वीच कित्येकांचा हा पराभव होऊन चुकला होता.

३. शिवकालीन व्यवस्था : क्रम उलटा केला

मालक वरचा व बिनमालकीचा खालचा हा क्रम स्वाभाविक वाटतो. शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तीत हा क्रम जाणूनबुजून उलटा केलेला दिसतो. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत या व्यवस्थेचे वर्णन आहे. सरकारी घोड्यांची पागा हा सैन्याचा कणा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी चढती रचना. दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद सरकारातून नेमलेला. शिलेदार हेही सैन्यात होतेच. सभासदाच्या मोजणीत पागेचे ४५ हजार व शिलेदारांचे ६० हजार स्वार येतात. परंतु शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवलेले होते आणि त्यामुळे कोणास बंड करण्यास वाव राहिला नाही, असा त्याचा अभिप्राय आहे.

या अभिप्रायात मर्म आहे. ज्याचा घोडा स्वतःचा त्याला चाकरी सोडण्याचे स्वातंत्र्य स्वतःचे. तो आज येथे, उद्या दुसऱ्या सरदाराकडे जाऊ शकतो. राज्यसंस्थेला हे स्वातंत्र्य धोक्याचे वाटणे साहजिक होते. म्हणून तिने घोडा आपल्या मालकीचा केला व त्यावर बसणाऱ्याला विश्वासाचे स्थान दिले. येथे बारगीर म्हणजे कोणा धनिकाचा आश्रित नव्हे, तर राज्याचा स्वार. एकच शब्द; परंतु घोड्याचा धनी खासगी की सरकार यावर त्याची पायरी बदलते.

याला एक दूरचा परंतु बोधप्रद दाखला रोमच्या इतिहासात आहे. तेथील अश्वदलात राज्याकडून घोडा मिळालेल्यांच्या अठरा शतसंघांचा मान मोठा होता. लिव्हीच्या इतिहासाप्रमाणे इ. स. पू. ४०३ मध्ये, वेई नगराच्या वेढ्याच्या वेळी, ऐपतदार नागरिकांनी स्वतःच्या घोड्यांनिशी चाकरी करण्याची तयारी प्रथम दर्शविली. तेथेही सरकारी घोडा हे दारिद्र्याचे नव्हे, तर प्रतिष्ठेचे चिन्ह होते. मालकीपेक्षा कोणाची मालकी हा प्रश्न निर्णायक ठरतो, हे दोन्ही ठिकाणी सारखेच दिसते.

४. पेशवाईतील चार थर

औरंगजेबाबरोबरच्या दीर्घ युद्धात मध्यवर्ती खजिना रिता झाला. पागा पोसण्याचे सामर्थ्य राज्याकडे उरले नाही तेव्हा स्वतःची घोडी घेऊन येणाऱ्या सरदार-शिलेदारांचे महत्त्व पुन्हा वाढले. अठराव्या शतकातील मराठा घोडदळाचे सामान्यतः चार थर सांगतात : खासगी पागा, शिलेदार, एकांडे व पेंढारी. खासगी पागेत घोडा सरकारचा. शिलेदार आपल्या पथकानिशी येई. एकांडा हा एकटाच आपल्या घोड्यासह चाकरी धरी. कोणाच्या पथकात तो मोडत नसे. पेंढाऱ्याला वेतनच नव्हते. लूट हीच त्याची मिळकत आणि तिच्यावर ‘पालपट्टी’ नावाचा कर तो सरकारात भरी. आपल्या ‘एकांडा शिलेदार’ या वाक्प्रचारात जो एकाकी बाणेदारपणाचा भाव आहे, त्याचे मूळ असे सैनिकी हिशेबाच्या वहीत आहे.

मालकीने मान मिळाला तरी वेतन वेळेवर मिळेच असे नव्हते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ मध्ये राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी धरणे धरल्याची वर्णने आहेत. थकबाकी दोघांचीही असे. परंतु बारगिराचे एकट्याचे पोट उपाशी राही, शिलेदाराची दोन.

५. इंग्रजी अमलातील ‘असामी’

ही संस्था मराठी राज्याबरोबर संपली नाही. इंग्रजांनी ती उचलली व ‘सिलादार’ हा शब्द आपल्या भाषेत घेतला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात शिलेदार व बारगीर हे दोन्ही शब्द नोंदलेले आहेत. सरकारने स्वाराला ठोक वेतन द्यावे आणि घोडा, सामान व चारा यांची तजवीज त्याने पाहावी, अशी ही पद्धती होती. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी मद्रासची तीन पलटणे वगळता हिंदी रिसाला बहुतेक सर्व शिलेदारी पद्धतीचा होता.

या पद्धतीत घोड्यासह असलेल्या नोकरीच्या जागेला ‘असामी’ म्हणत. मूळ अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव आणि ‘असामी’ हे त्याचे अनेकवचन. नावांची यादी, यादीतील जागा, जागेचा धनी असा या शब्दाचा प्रवास झाला. असामी पैशाने मिळे व पैशाने हस्तांतरित होई. एकाकडे अनेक असाम्या असल्या की त्यांवर बसणारे इतर सर्व बारगीर ठरत. पुढे स्वाराने भरतीच्या वेळी रक्कम भरावी व निवृत्तीच्या वेळी ती परत घ्यावी अशी पद्धत पडली. पडलेल्या घोड्यांसाठी ‘चंदा’ गोळा करून निधी उभारला जाई. ज्या भीतीने एका घोड्याचा शिलेदार पिढ्यानपिढ्या ग्रासला होता, तिच्यावर सामाईक वर्गणीचा हा उपाय होता. तरीही भरतीची रक्कम भरू शकणाऱ्या, जमीनजुमला असलेल्या घरांनाच हे दार सुलभ राहिले. १९१४ नंतरच्या युद्धात घोड्यांचा नाश इतका झाला की स्वाराच्या पदराने वा निधीने तो भरून निघणे अशक्य झाले. १९२१ च्या सुमारास ही पद्धती बंद झाली. मराठीत मात्र तिचे प्रतिबिंब उरले आहे. ‘बडी असामी’ म्हणजे वजनदार, बहुधा पैसेवाला मनुष्य. नावांच्या यादीतील शब्दाला धनाचा वास लागावा, हा योगायोग नव्हे.

६. उपसंहार

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रात मालकाचे नाव गौरवाचे झाले. ‘शिलेदार’ हे आडनावही अभिमानाने मिरवले जाते. दुसऱ्याच्या जिवावर दुसऱ्याचे काम करणाऱ्याला आपण ‘भाड्याचे तट्टू’ म्हणतो. त्या तुच्छतेतही मालकी नसल्याचाच दोष आहे. परंतु बंगालमध्ये याच्या उलट घडले. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४१ ते १७५१ या काळात तो प्रांत तुडविला, तेव्हा तेथील लोकांनी सर्वच मराठा स्वारांना ‘बर्गी’ म्हणजे बारगीर हे नाव दिले. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त ते आहे, मुलांना निजविताना म्हणावयाच्या बंगाली गीतातही ते आजतागायत आहे. ज्याचे घर जळते त्याला घोडा कोणाच्या मालकीचा हे विचारण्याचे कारण नसते. महाराष्ट्रात ज्याचे नाव विसरले गेले, त्याचेच नाव बंगालच्या स्मरणात सर्वांच्या वतीने राहिले.

यातून शब्दाभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा. शब्द हे समाजाच्या वर्गरचनेचे साक्षी आहेत. परंतु ते निःपक्षपाती साक्षी नाहीत. ते ज्याच्या घरी बोलले जातात त्याच्या बाजूने बोलतात. आज आपण एखाद्या नेत्याच्या आज्ञाधारक अनुयायाला त्याचा ‘शिलेदार’ म्हणतो, तेव्हा इतिहासाच्या दृष्टीने शब्दाचा अर्थच उलटा करतो. शिलेदाराचे लक्षण हेच की त्याचा घोडा धन्याने दिलेला नसे आणि म्हणून त्याचा लगाम धन्याच्या हाती नसे. धन्याने दिलेल्या घोड्यावर बसणाऱ्याला आपल्या पूर्वजांकडे वेगळा शब्द होता. तो शब्द अपमानाचा नव्हता, केवळ अचूक होता. आपण मान देण्याच्या भरात अचूकपणा गमावला आणि त्याबरोबर दुसऱ्याच्या घोड्यावर बसून आयुष्य वेचणाऱ्या हजारो माणसांची आठवणही गमावली. ती परत मिळवावयाची तर प्रत्येक जुन्या कागदात स्वार दिसताच आधी विचारावे : घोडा कोणाचा?