एक ओबी कमरेची, दुसरी मंत्राची

इंग्रजीचा एखादा जाडजूड शब्दकोश उघडला तर ‘ओबी’ हा शब्द दोन स्वतंत्र नोंदींखाली सापडतो. एक ओबी म्हणजे जपानी किमोनोवर कमरेभोवती गुंडाळायचा रुंद पट्टा. दुसरी ओबी (तिला ‘ओबिया’ असेही म्हणतात) म्हणजे कॅरिबियन बेटांवरील मंत्रतंत्र व झाडपाल्याची विद्या. वर्गात हे सांगितले की कोणीतरी विचारतेच : मग या दोहोंचा संबंध काय? काहीच नाही. पण हे कशावरून, ते आपल्याला सांगता आले पाहिजे.

जपानी शब्दाचा माग सोपा आहे. ‘ओबिरु’ म्हणजे कमरेला बांधणे, त्यावरून ओबी. ज्युदोचा पट्टाही ओबी, आणि जपानी पुस्तकाच्या वेष्टणावर गुंडाळलेली कागदी पट्टीही ओबीच. येथे शब्द एकच, अर्थ पसरत गेला.

दुसरा शब्द गुलामांच्या जहाजांतून आला. पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांबरोबर तो उसाच्या मळ्यांवर पोचला. तो मूळचा अकान, इग्बो की एफिक भाषेतला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तो आफ्रिकी आहे यावर नाहीत. १७६० साली जमैकात टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला. गोळी लागू नये म्हणून ओबियावाल्यांनी बंडखोरांना भुकटी दिली, असा मळेवाल्यांचा आरोप होता. त्याच वर्षी तेथे कायदा झाला. शिक्षा देहान्त किंवा हद्दपारी! माझ्या मते मळेवाल्यांना खरी धास्ती होती ती ओबियावाल्याभोवती गोळा होणाऱ्या माणसांची.

आता थोडे गणित. समजा, दोन भाषांत प्रत्येकी ५ स्वर व १५ व्यंजने आहेत. स्वर-व्यंजन-स्वर या घडणीचे शब्द ५ × १५ × ५ म्हणजे ३७५ होऊ शकतात. प्रत्येक भाषेने त्यांतले कोणतेही ५० वापरले, तर दोन्हीकडे सारखे ऐकू येणारे सरासरी ५० × ५० ÷ ३७५, म्हणजे सहा-सात शब्द निव्वळ योगायोगाने मिळतील. मराठीत तर एकाच भाषेत हे घडते : गळ्यामागची मान ‘मन्या’पासून आली, सन्मानातला मान संस्कृत ‘मान’च.

कधी अर्थही जुळतो. ऑस्ट्रेलियातील म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’सारखाच शब्द आहे! पण शेजारच्या यिदिन्य भाषेत तो ‘गुडागा’ आहे. म्बाबाराममध्ये आरंभीचा भाग झिजून गेला. इंग्रजीशी त्याचा संबंध नाही.

याउलट आपले ‘दोन’ आणि आर्मेनियन ‘एर्कू’ यांचे रूप अजिबात जुळत नाही, तरी ते सख्खे नातलग आहेत. आरंभीच्या ‘द्व्’चे त्या भाषेत ‘एर्क्’ झाले, आणि ‘लांब’ व ‘भय’ या अर्थांच्या तिच्या शब्दांतही नेमका हाच बदल आढळतो.