बजरीगर पक्ष्यांतील रंगप्रकार : आनुवंशिकी आणि निवडक प्रजनन

महाराष्ट्रातील बाजारांत ‘लव्हबर्ड’ म्हणून जे लहान पोपट सर्रास विकले जातात, ते बहुधा बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील, तर बजरीगर ऑस्ट्रेलियातील. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये हे पक्षी जिवंत स्थितीत इंग्लंडला नेले. रानातील बजरीगर हिरवा असतो. पिंजऱ्यात दिसणारे निळे, पिवळे, पांढरे प्रकार हे निवडक प्रजननाचे फलित होय. हे रंग कसे सिद्ध होतात आणि त्यांचा हव्यास पक्ष्याला कसा भोवतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बजरीगराच्या पिसात हिरवे रंगद्रव्य मुळी नसतेच. पिसाच्या तंतूंच्या बाह्य थरात सिटाकोफल्व्हिन हे पिवळे द्रव्य असते. त्याखालील केराटिनची सच्छिद्र रचना निळा प्रकाश विखुरते आणि तिच्या मागील मेलॅनिन उरलेला प्रकाश शोषून घेते. निळ्यावर पिवळे पसरले की पीस हिरवे दिसते. येथील बहुतेक ‘नवे’ रंग म्हणजे काहीतरी वजा होण्याचा परिणाम आहे. पिवळे द्रव्य गेले की पक्षी निळा होतो. एका विकरातील अवघे एक अमिनो आम्ल बदलल्याने हे घडते, असे २०१७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकातील संशोधनाने दाखवून दिले. मेलॅनिन गेले, तर विखुरलेला निळा प्रकाश उठून दिसत नाही आणि लाल डोळ्यांचा पिवळा ‘ल्युटिनो’ मिळतो. दोन्ही गेली की पांढरा ‘अल्बिनो’. लाल रंगद्रव्य मुळातच नसल्याने लाल बजरीगर मात्र अद्याप कोणालाही निपजविता आलेला नाही.

निळा रंग अप्रभावी आहे. हिरव्या पक्ष्यात निळ्याचे जनुक दडलेले असू शकते. पक्षीपालक अशा पक्ष्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. दोन स्प्लिट पक्ष्यांच्या संततीत सरासरी एकचतुर्थांश पिल्ले निळी असतात. पण हे प्रमाण एकाच घरट्यात दिसेल, असे समजू नये. चार पिल्लांत एकही निळे नसण्याची संभाव्यता २५६ मध्ये ८१, म्हणजे सुमारे ३२ टक्के असते. एका विणीवरून ‘जोडी स्प्लिट नाही’ असा निर्णय देणे म्हणूनच घाईचे ठरते.

ल्युटिनोचे जनुक लिंगसंलग्न आहे. पक्ष्यांत नराची लिंगगुणसूत्रे समान, तर मादीची भिन्न असतात. त्यामुळे ल्युटिनो नर आणि स्प्लिट नसलेली हिरवी मादी यांच्या सर्व माद्या-पिल्ली पिवळ्या व सर्व नर हिरवे निपजतात. पिल्लांचे लिंग घरट्यातच रंगावरून कळते. वर्गात लिंगसंलग्न वारसा शिकविताना याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

गडद छटेचा घटक अपूर्ण प्रभावी असतो. आकाशी पक्ष्यात तो एकदा आला की ‘कोबाल्ट’, दोनदा आला की करडसर ‘मोव्ह’. दोन कोबाल्टच्या जोडीपासून तिन्ही छटा निघतात. कोबाल्टचा शुद्ध वाण तयार होऊच शकत नाही. सर्व पिल्ले कोबाल्ट हवी असतील तर आकाशी आणि मोव्ह यांची जोडी लावावी लागते.

खरी अडचण अप्रभावी रंगांची. दुर्मिळ रंगाचा एकच पक्षी हाती असेल, तर त्याच्याच संततीशी किंवा सख्ख्या भावंडांत जोड्या लावणे हा सर्वांत जवळचा मार्ग. परंतु अंतःप्रजननाने रंगाच्या जनुकाबरोबर इतर हानिकारक अप्रभावी जनुकेही एकत्र येतात. अंडी कमी उबतात, पिल्ले अशक्त निपजतात. त्यापेक्षा रंगीत पक्ष्याची जोडी नात्याबाहेरील सशक्त हिरव्या पक्ष्याशी लावावी, पायात क्रमांकाची कडी घालून वंशनोंद ठेवावी आणि पुढील पिढीत ती स्प्लिट पिल्ले दुसऱ्या घराण्यातील निळ्या पक्ष्यांना जोडावीत. सरासरी निम्मी संतती निळी मिळते. मात्र पहिल्या पिढीतील सर्व पिल्ले हिरवी, म्हणजे बाजाराच्या दृष्टीने सामान्य असतात. त्या एका हंगामाचे उत्पन्न सोडण्याची तयारी नसली, की भावंडांच्या जोड्या पुन्हा त्याच पिंजऱ्यात लागतात.