आत यायला एक दार, बाहेर जायला दोन

"मॅडम, फादरकडून कागद आलाय. आता लग्नाला काय आडचन हाय?" उदगीरच्या कोर्टात असा पक्षकार क्वचित येतो, कारण इथं कॅथलिक घरं थोडी. आला की मी आधी चहा सांगते. उत्तर त्याला रुचणारं नसतं.

कागद होता चर्चच्या न्यायासनाचा. आमचा लातूर-नांदेडचा पट्टा औरंगाबादच्या बिशपांकडे येतो.  या पक्षकाराचं पहिलं लग्न मुळात झालंच नव्हतं, असा निकाल होता. नवी सोयरीक ठरली, तारीख धरली. कोर्टाच्या लेखी मात्र गडी अजून विवाहित! तसाच बोहल्यावर चढला असता तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंत कैद.

त्याचा गोंधळ मला समजतो. लग्न लागताना दोन वेगळे कागद नव्हतेच. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार फादर लग्न लावतात तेव्हा ते सरकारच्या लेखीही लग्नच असतं. नोंदवहीत सह्या होतात, दर तिमाहीला उतारे निबंधकांकडे जातात. हा कायदा वेळसुद्धा सांगतो: सकाळी 6 ते संध्याकाळी 7. त्यानंतर लावायचं तर फादरांना बिशपांची परवानगी हवी. (मी लिंगायत घरातली. आमच्याकडं गोरज मुहूर्त रात्री नऊला लागला तरी कायदा घड्याळ बघत नाही.) गोव्यात तसं नाही, तिथं कॅथलिक जोडप्यालाही आधी नागरी निबंधकासमोर जाऊन दाखला आणावा लागतो, मग चर्च.

चर्चचं म्हणणं असं. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचं लग्न हा संस्कार आहे आणि तो फादर देत नाहीत. वधू-वर एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीनं साक्षीला. त्यांच्या 'हो'मधून जन्मलेला आणि सहजीवनानं पूर्ण झालेला हा बंध माणसाला मोडता येत नाही, पोपनाही नाही. म्हणून न्यायासन घटस्फोट देत नाही. त्या दिवशीचा 'हो' खरा होता का, एवढंच ते तपासतं. जबरदस्ती होती? मोठी फसवणूक होती? संसाराची जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवतच नव्हती? माझ्या फायलीत लग्नानंतरचे दिवस असतात, मारहाण, टाकून देणं, दुसरी बाई. न्यायासनाच्या फायलीत लग्नाच्या दिवसापर्यंतचे. साक्षीदार कधी तेच असतात, प्रश्न निराळे. पूर्वी असा निकाल दोन न्यायासनांनी सारखा द्यावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ती अट काढली.

त्या निकालाला कोर्टात किंमत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली मॉली जोसेफ खटल्यात सांगितलं. मंगळुरूचे क्लॅरन्स पैस यांनी चर्चच्या निकालांना मान्यता मागितली, ती मागणीही 2017 साली फेटाळली गेली. मला ते पटतं. पोटगी, मुलांचा ताबा, हे प्रश्न न्यायासनात सुटायचे नाहीत.

पण सरकारी कायदा काही मायाळू नव्हता. 1869 च्या ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे. बायकोला बहुधा त्याच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं 1997 साली हा भेद रद्द ठरवला, संसदेनं 2001 साली कायदा बदलला. परस्पर संमतीचा घटस्फोट तेव्हा आला, तोही हिंदूंना 1 वर्ष वेगळं राहणं पुरत असताना ख्रिस्ती जोडप्याला 2 वर्षं घालून. केरळ उच्च न्यायालयानं 2010 साली ते 1 वर केलं. कायद्याच्या पुस्तकात मात्र 2 च छापलेलं आहे.

उलट्या बाजूनंही माणसं अडकतात. एका बाईंनी कोर्टाचा हुकूमनामा घेतला आणि चर्चला जाणंच सोडलं; घटस्फोटितेला कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, मिळत नाही, असं सासरच्यांनी सांगितलेलं. खरा नियम तो नाही. नुसत्या घटस्फोटानं कम्युनियन बंद होत नाही. पहिलं लग्न चर्चच्या लेखी उभं असताना दुसरं केलं, मग अडतं. मी त्यांना म्हटलं, "ताई, मी वकील. हे फादरनाच विचारा." पुढच्या रविवारी त्या जाऊन विचारून आल्या.