पगारी रजा आणि आपली चारिका
चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यापाड्यांतून चार दिवस



सुट्टी म्हटली की आपल्या घरात दोनच गोष्टी होतात. एक, कुणाचे तरी लग्न. दुसरी, घराची डागडुजी. सहकुटुंब गाडी करून खेडोपाडी फिरायला जाणे हे साहेबलोकांचे काम, असे आपण धरून चाललो आहोत. जुन्या काळी आपल्या आज्या-पणज्या नवस फेडायला जत्रेला जात. १९५६ नंतर आपण नवस सोडले, जत्रा सोडल्या. ते योग्यच झाले. पण जत्रेबरोबर घराबाहेर पडणेही सुटले, त्याचे काय?

खरे म्हणजे विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे आणि हा हक्क आपल्याला कुणी दिला हे मुलांना सांगितले पाहिजे. फ्रान्समध्ये १९३६ साली कायदा झाला आणि कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. तेव्हा तिथल्या गिरणी कामगारांची कुटुंबे सायकलीवर, आगगाडीने आपल्याच देशातली खेडी आणि समुद्रकिनारे पाहायला निघाली. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आपल्याकडे पगारी रजेचे विधेयक मांडले ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १९४५ साली त्याचा कायदा झाला. १९४६ साली कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, त्यामागेही बाबासाहेबच होते. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्याला दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा दिली. मग ही रजा आपण नुसती झोपून किंवा मांडवात उभे राहून का घालवावी?

हिशेब आधी

आमच्या तीन घरांतल्या बायकांनी बचत गटासारखी एक पेटी केली. दर घरामागे महिन्याला ५०० रुपये. वर्षाचे घराला ६,००० आणि तिन्ही घरांचे मिळून १८,००० झाले. त्यात एक मोठी भाड्याची गाडी आणि डिझेल निघाले. शिदोरी घरची घेतली: भाकरी, जवसाची चटणी, चिवडा. मुक्काम नातेवाइकांकडे. दिवाळीनंतर धान कापणीला येते तेव्हा निघालो. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन बाहेर पडू देत नाही आणि पावसाळ्यात नाले वाट अडवतात.

पहिला दिवस : चांदा आणि भांदक

सुरुवात दीक्षाभूमीपासूनच केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले आणि इथल्या लाखो लोकांना त्यांनी धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी जिवाचे रान केले होते. दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला आपण गर्दीत येतो, वंदन करतो, पुस्तके घेतो आणि परततो. गर्दी नसताना मात्र तिथे बसून बोलता येते.

माझी आई त्या वेळी सहा वर्षांची होती. गावाहून बैलबंडीने आली होती. माझ्या मुलीने विचारले, "आजी, तुला बाबासाहेब दिसले होते का?"

आई म्हणाली, "नाही गं बाई. मी तुझ्या पणजोबाच्या खांद्यावर होती. जिकडं पाहावं तिकडं पांढरे कपडेच दिसत. घरी आल्यावर बाबानं देव्हारा रिकामा केला, तेवढं आठवते."

एवढी वर्षे एका घरात राहून ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. आपला इतिहास ग्रंथांत आहे, तसाच तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळही आहे. ती माणसे आता एकेक करून जात आहेत.

दुपारी भद्रावतीला गेलो. हेच जुने भांदक. विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. ती सातवाहनांच्या काळातली मानली जातात. एक सरळ दालन सुमारे ७० फूट डोंगरात आत जाते आणि शेवटी, अंधारात, बसलेली बुद्धमूर्ती आहे. जनरल कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात या लेण्यांची नोंद केली. मुलांना वाटत होते की बौद्ध धम्म आपल्याकडे १९५६ ला आला. तो इथे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीही होता, हे त्यांनी दगडाला हात लावून पाहिले.

दुसरा दिवस : मूल, सावली, मार्कंडा

चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करीत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ ला तो चंद्रपुरातून वेगळा झाला. या रस्त्याने धानाच्या बांध्या, बोड्या आणि मामा तलाव दिसतात. धान निघाला की गावोगावी झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप पडतात. वडसा हे त्या मंडळ्यांचे मुख्य ठाणे. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

चामोर्शीजवळ मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरेकडे वळते. काठावर जुन्या मंदिरांचा समूह आहे. आई दारातच थबकली. म्हणाली, "आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना?" मी म्हटले, "आई, आपण पूजेला आलो नाही. दगडात एवढे कोरणाऱ्या कारागिरांचे काम पाहायला आलो. त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत." मग ती सगळ्या भिंती निरखून पाहत फिरली. डोळसपणे पाहणे आणि हात जोडणे यातला फरक मुलांना शिकवायला याहून चांगली जागा नाही.

तिसरा दिवस : मेंढा (लेखा)

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर सुमारे ३० किलोमीटरवर हे गोंडांचे छोटे गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा इथली. देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे यात पुढे होती, पण निर्णय एकट्याचा नसतो. ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते. संसदीय पद्धत भिक्खू संघाला ठाऊक होती असे बाबासाहेब सांगत, त्याची आठवण झाली.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. त्याआधी या भागातला बांबू वर्षानुवर्षे कागद गिरणीला जात असे आणि तोडणाऱ्याच्या हाती फक्त मजुरी पडे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा माणूस कागद गिरणीत कामाला होता. त्या कागदाच्या मुळाशी कुणाचे रान होते, हे आम्हाला इथे कळले. संविधान आणि कायदा वापरला तर काय होते, हे भाषणापेक्षा या गावात चांगले समजते. मात्र असे गाव पाहायला जाताना आधी निरोप द्यावा. गाव म्हणजे प्रदर्शन नव्हे.

चौथा दिवस : आलापल्ली ते भामरागड

आलापल्लीचे सागवान पाहत हेमलकसा गाठले. १९७३ साली बाबा आमटे यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवला. माडिया मुलांची शाळा आणि दवाखाना पाहून आमचा दहावीतला पुतण्या बराच वेळ गप्प होता. पुढे भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पलीकडच्या गावांचे हाल होतात. तिथला आजारी माणूस दवाखान्यात कसा पोहोचत असेल, याचा विचार शहरातल्या आपण करायला हवा. हा प्रवास दिवसाउजेडीच करावा.

रजा मागा

एक गोष्ट मनाला लागली. आमच्याबरोबर येणारा एक मेहुणा ऐनवेळी राहिला. तो ठेकेदाराकडे कामाला आहे. चार दिवस खाडा म्हणजे चार दिवसांचा पगार गेला आणि परत कामावर घेतील याची खात्री नाही. वास्तविक १९७६ च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही कारखाना कायद्यात कामगार ठरला होता. रजा कागदावर होती, हातात नव्हती. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क आपल्याच भावाला मिळत नसेल, तर तो मागण्याचे काम युनियनने आणि मंडळांनी एकत्र केले पाहिजे. हजेरी लिहून ठेवा, पगाराची चिठ्ठी मागा, अर्ज एकट्याने नव्हे तर दहा जणांनी मिळून करा.

तथागतांनी भिक्खूंना एका जागी बसू दिले नाही. बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी चारिका करा असे सांगितले. आपण भिक्खू नाही, संसारी माणसे आहोत. पण वर्षातून चार दिवस मुलाबाळांना, म्हाताऱ्या आईला घेऊन आपलाच मुलूख पायाखाली घालणे आपल्याला अशक्य नाही. पुढच्या दिवाळीसाठी पेटी आजच सुरू करा. आणि ज्याला रजा मिळत नाही त्याचे नाव यादीत सर्वांत वर लिहा.

जयभीम!