टाके भाताने पिकत नाहीत

सिझेरियन झालं की बाळंतिणीच्या ताटातून आधी भात जातो, मग तुरीची डाळ, मग आंबट. ‘टाक्यांत पू धरेल’ असं बजावणारी एखादी मावशी प्रत्येक वॉर्डात भेटतेच. पू होतो तो मात्र जंतूंमुळे. ते बहुतेक वेळा बाईच्याच त्वचेवरचे किंवा योनिमार्गातले असतात. काही वेळा दुसऱ्याच्या हातांवरून किंवा उपकरणांवरून येतात. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आपण नेमकी डाळच तोडतो! मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, एवढं पथ्य मात्र खरं.

‘आठवडाभर भारी अँटिबायोटिक दिलं की काळजी मिटली’ हा समज तर शिकलेल्या घरांतही पक्का आहे. प्रतिबंधासाठी खरी किंमत आहे ती वेळेला. चीर देण्याआधीच्या तासाभरात इंजेक्शन दिलं, तर चाकू लागतो तेव्हा औषध रक्तात हजर असतं. पूर्वी बाळापर्यंत औषध पोचू नये म्हणून ते नाळ कापल्यावर देत. आता आधीच देतात, कारण त्याने आईला होणारे संसर्ग कमी होतात. आधीपासून संसर्ग नसेल, तर शस्त्रक्रियेनंतर केवळ खबरदारी म्हणून डोस चालू ठेवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जास्तीच्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, इतकंच.

वस्तऱ्याने केस काढणं म्हणजे स्वच्छता, हाही गैरसमज. त्याने त्वचेवर बारीक जखमा होतात. गरजच असेल तर क्लिपर वापरावा. लघवीची नळी ‘राहू दे, उठायला नको’ म्हणून ठेवू नये. ती जितके दिवस राहील तितका मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

आणि हात. 1847 साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले, आणि त्याच्या विभागातले बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्याने घटले. सहकाऱ्यांना ते पटायला फार वर्षं लागली. तेव्हा तपासायला आलेल्यांना ‘हात धुतलेत ना?’ असं विचारणं उद्धटपणा नव्हे. बाळ बघायला आलेल्या पाहुण्यांनाही विचारा.

घरी आल्यावर धोका टळला असंही नाही. असे संसर्ग बरेचदा डिस्चार्जनंतर दिसतात. शस्त्रक्रियेनंतर 30 दिवस लक्ष ठेवायला हवं. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, टाक्यांभोवती वाढती लाली, पू, दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काहीही दिसलं, तर ‘दूध उतरतंय म्हणून कणकण आहे’ असं म्हणत थांबू नका. हळद-तेल न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठा.