ढग म्हणजे नुसती पांढरी स्क्रीन होती, तिथून जुन्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये खरेखुरे ढग असे आले

विमानात खिडकीची सीट मिळाली की पहिला फोटो कशाचा निघतो?

ढगांचा. तो इन्स्टावर पडतो, चार लाईक येतात, विषय संपतो.

पण हाच ढग घरच्या कॉम्प्युटरवर, तोही विमान उडवायच्या गेममध्ये, खरा वाटेल असा आणायला वीसेक वर्षं गेली. आणि गंमत म्हणजे आजही अनेक हौशी लोक २००३ सालचा फ्लाइट सिम्युलेटर सांभाळून आहेत आणि त्यात नवे ढग भरत बसलेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, ढगात एवढं काय अडलंय? तर विषय सुरुवातीपासून बघावा लागेल.

ब्रूस आर्टविक नावाचा तरुण अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकत होता. १९७५ साली त्याने प्रबंध लिहिला तो कॉम्प्युटरवर उड्डाणाचं हलतं चित्र कसं दाखवायचं यावर. पुढे त्याने सबलॉजिक कंपनी काढली आणि ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी फ्लाइट सिम्युलेटर बनवला. त्यात होत्या फक्त रेघा. जमीन रेघांची, डोंगर रेघांचे.

१९८२ मध्ये त्याचाच सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने आयबीएमच्या पीसीसाठी आणला. त्यात हवामान ठरवता यायचं. ढगांचा तळ किती फुटांवर आणि माथा किती फुटांवर, एवढे आकडे भरायचे. विमान त्या दोन आकड्यांच्या मध्ये शिरलं की बाहेरचं सगळं गायब. समोर नुसती कोरी स्क्रीन.

म्हणजे ढग दिसायचा नाही, ढगामुळे बाकीचं दिसायचं बंद व्हायचं.

आज हे वाचून हसू येईल. पण वैमानिकाला विचारलं तर तो सांगेल की ढगाचा सगळ्यात महत्त्वाचा गुण त्या कोऱ्या स्क्रीनने बरोबर पकडला होता.

त्याचं कारण १९५४ सालच्या एका प्रयोगात आहे आणि योगायोगाने तोही इलिनॉय विद्यापीठातलाच. फक्त उपकरणं बघून विमान चालवायची सवय नसलेले २० जण निवडले. विमान हवेत असताना त्यांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय केली.

वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा ४८० सेकंदांत. सरासरी निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

असं का होतं? क्षितिज दिसेनासं झालं की तोल सांभाळायला कानातली यंत्रणा उरते आणि ती फसते. विमान हळूहळू एका बाजूला कलत असतं, पण शरीर सांगतं की आपण सरळ आहोत. त्याच लोकांना उपकरणांवर भरवसा ठेवून ढगातून मागे वळायचं शिकवलं, तेव्हा बहुतेकांना ते जमलं.

त्यामुळे सिम्युलेटरमधला ढग निव्वळ सजावट नाही. तो कुठे सुरू होतो आणि आत गेल्यावर काय दिसत नाही, हे खरं असावं लागतं.

पण मग तो बाहेरूनही खरा दिसायला काय हरकत होती?

हरकत अशी की कॉम्प्युटरला वस्तू काढता येते ती तिच्या कडा धरून. घराला कडा असते, धावपट्टीला असते, डोंगरालाही असते. ढगाला कडाच नाही. तो एका बाजूने दाट, दुसऱ्या बाजूने विरळ, आणि कुठे संपला ते सांगता येत नाही.

१९८५ साली यावर दोन मोठी कामं एकाच परिषदेत मांडली गेली. जेफ्री गार्डनर यांनी अंड्याच्या आकाराचे गोळे एकमेकांत घालून त्यांच्या कडा विरळ केल्या आणि ढग उभा केला. केन पर्लिन यांनी गणितातून नैसर्गिक वाटणारा ओबडधोबडपणा तयार करायची पद्धत दिली. या कामासाठी त्यांना पुढे १९९७ चा तांत्रिक ऑस्कर मिळाला. पण घरच्या पीसीला हे गणित उड्डाण चालू असताना झेपणारं नव्हतं.

म्हणून गेमवाल्यांनी सोपा मार्ग धरला. ढगाचं सपाट चित्र काढायचं आणि आकाशात टांगायचं. जमिनीवरून बघितलं तर झकास. पण विमान जवळ गेलं की पुठ्ठा कापून लावलाय हे लगेच कळायचं.

हे चित्र खऱ्या अर्थाने बदललं २००३ मध्ये. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं होत होती आणि त्या निमित्ताने मायक्रोसॉफ्टने फ्लाइट सिम्युलेटर २००४ आणला. त्यातल्या ढगांची पद्धत निनियान वँग यांनी शोधनिबंधातून जगासमोर मांडली.

युक्ती ऐकायला साधी आहे. पिंजलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखी फक्त १६ चित्रं घ्यायची. चित्रकाराने आधी चौकोनी खोकी रचून ढगाचा ढोबळ आकार करायचा. मग कॉम्प्युटरने त्या खोक्यांत ही अर्धपारदर्शक चित्रं भरायची. लहान ढगाला पाच तुकडे पुरतात, मोठ्या ढगाला चारशेपर्यंत लागतात. प्रत्येक तुकडा आपलं तोंड बघणाऱ्याकडे ठेवतो, त्यामुळे त्याचा सपाटपणा कळत नाही.

उजेडाचंही तसंच. प्रकाश ढगात कसा पसरतो याचं खरं गणित करत बसायचं नाही. सूर्याकडच्या बाजूला उजळ रंग, तळाला गडद रंग, सकाळ-दुपार-संध्याकाळचे रंग चित्रकाराने ठरवून दिलेले. ढग जमायचा किंवा विरायचा असेल तर तुकड्यांची पारदर्शकता कमी-जास्त करायची.

तरी एक अडचण उरतेच. ती म्हणजे ढगात शिरल्यावर गेम अडखळतो.

१०२४ बाय ७६८ च्या स्क्रीनवर साधारण ७ लाख ८६ हजार ठिपके असतात. समोर ढगाचे ५० तुकडे एकामागे एक आले आणि प्रत्येकाने स्क्रीन व्यापली, तर एका चित्रासाठी जवळपास ४ कोटी वेळा ठिपके रंगवावे लागतात. सेकंदाला अशी ३० चित्रं हवी असतात. तेव्हाच्या ग्राफिक्स कार्डला घाम फुटणारच.

यावर तोडगा निघाला तो नाटकवाल्यांचा. रंगमंचावर मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा असतो, खरा राजवाडा नसतो. तसंच दूरचे शेकडो ढग एकदाच रंगवून त्यांचं चित्र करायचं आणि विमानाभोवती आठ बाजूंनी असे पडदे उभे करायचे. तेच चित्र थोडा वेळ वापरायचं, मग नवं करायचं. जवळचे ढग तेवढे तुकड्या-तुकड्यांनी काढायचे. अशीच युक्ती मार्क हॅरिस आणि अँसेल्मो लास्ट्रा यांनी २००१ मध्ये एकेका ढगासाठी वापरली होती.

आता येऊया आजच्या हौशी मंडळींकडे.

या जुन्या गेममध्ये नवे ढग टाकायचा सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे कापसाची जुनी चित्रं काढून त्याच नावाची नवी, जास्त बारकावे असलेली चित्रं ठेवणं. ढगाचा सांगाडा तोच राहतो, कापूस तेवढा बदलतो. म्हणून पहिलं काम म्हणजे मूळ फाईल्सची कॉपी बाजूला ठेवणं. काही बिघडलं तर परत फिरता येतं.

दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. ५१२ बाय ५१२ चं ३२ बिटचं चित्र १ एमबी जागा खातं. १०२४ बाय १०२४ चं खातं ४ एमबी. बाजू दुप्पट केली की जागा चौपट. त्यात ढग मुळातच मऊ असतो, त्यामुळे मोठ्या चित्राचा फायदा डोळ्यांना तेवढा जाणवतही नाही. जुन्या मशीनवर लहान चित्रंच बरी.

तिसरी गोष्ट सेटिंगची. किती टक्के ढग त्रिमितीय हवेत आणि किती अंतरापर्यंत काढायचे, हे गेममध्येच ठरवता येतं. गेम अडखळत असेल तर आधी हे दोन आकडे खाली आणायचे.

पण सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. ढग किती उंचीवर ठेवायचा?

त्यासाठी विमानतळांचे हवामान रिपोर्ट असतात. त्यांना मेटार म्हणतात. मुंबई विमानतळाचा असा रिपोर्ट दर अर्ध्या तासाला निघतो. त्यात आकाशाचे आठ भाग धरून ढग किती भागांत आहेत आणि त्यांचा तळ किती फुटांवर आहे ते लिहिलेलं असतं. ‘बीकेएन०२०’ असं दिसलं, तर आठपैकी पाच ते सात भाग ढगांनी झाकलेत आणि तळ २,००० फुटांवर आहे. हे आकडे गेममध्ये भरले की त्या दिवसाचं आकाश उभं राहतं.

२०२० च्या नव्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ढग आतूनबाहेरून भरीव आहेत आणि हवामानाची माहिती मेटिओब्लू या स्विस कंपनीकडून येते. त्याच्या शेजारी २००३ चा ढग म्हाताराच वाटणार.

तरी जुन्या गेममध्ये ढग भरणाऱ्यांनी एक कसोटी लावून बघावी. ढगाचा फोटो छान येतोय का, हे नंतर. आधी विमान ढगात घालायचं. आत गेल्यावरही खालची धावपट्टी आरपार दिसत असेल, तर कापूस कितीही महागाचा असो, तो ढग खोटाच. आणि काहीच दिसत नसेल, तर नजर उपकरणांवर आणायची आणि सावकाश मागे वळायचं.

त्या वीस जणांना जे हवेत शिकावं लागलं, ते इथे खुर्चीत बसून शिकता येतं.