आगगाडीचा कोमल गंधार

कॅनडात आगगाडी रस्त्यावरच्या फाटकाजवळ येऊ लागली की इंजिनाचा भोंगा ठरलेल्या क्रमाने वाजतो: दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. शेवटचा सूर इंजिन रस्त्यावर येईपर्यंत सोडायचा नाही, असा नियम आहे. शाळेत वृत्ते घोकलेल्या मराठी माणसाला यात गुरु, गुरु, लघु, गुरु ऐकू यावेत; ही इंद्रवज्रेची पहिली चार अक्षरे झाली. टोरोंटोच्या पूर्वेला, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी असलेल्या व्हिटबीत हाच ठेका एके काळी दुसऱ्या अर्थानेही ऐकला जात होता. व्हिटबी आणि ओशावा यांच्या हद्दीवर ६ डिसेंबर १९४१ रोजी ‘कॅम्प एक्स’ हे हेरांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि तिथेच ‘हायड्रा’ नावाचे बिनतारी संदेशांचे ठाणे उभे राहिले. मोर्स लिपीत दोन लांब, एक आखूड, एक लांब म्हणजे ‘क्यू’ हे अक्षर. तेव्हा एकच ठेका एकाला ‘रुळांवरून बाजूला हो’ असे सांगतो, दुसऱ्याला अक्षर देतो आणि तिसऱ्याला वृत्त. हवेतल्या कंपनांना यातले काहीच ठाऊक नसते. आवाजाचा परिणाम कंपनांत किती आणि ऐकणाऱ्यात किती, याचा हिशेब मांडायला हा भोंगा फार सोयीचा आहे.

व्हिटबी रुळांच्या काठी वाढलेले गाव आहे. १८५६ साली ग्रँड ट्रंक रेल्वे इथून गेली. पुढे १९०३ मध्ये बांधलेल्या स्टेशनाच्या इमारतीत आज ‘स्टेशन गॅलरी’ हे कलादालन आहे. वाफेची इंजिने होती तोवर शिट्टीला अनेक सुरांचा भरीव आवाज होता. डिझेल इंजिने आली ती एकसुरी भोंगे घेऊन, आणि तो आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा वाटू लागला. आवाज कर्कश होता ही तक्रार दुय्यमच. खरी अडचण होती ती ओळख पटण्याची. ट्रकचा आवाज ऐकून कोणी रुळांवर नजर टाकत नाही. ब्रिटिश कोलंबियातले रेल्वे निरीक्षक रॉबर्ट स्वॉन्सन यांनी वाफेच्या शिट्टीची आठवण देणारे, एका वेळी अनेक सूर लावणारे हवेचे भोंगे तयार केले. हे गृहस्थ लाकूडतोड्यांच्या जीवनावर कविताही लिहीत, हे समजल्यावर मला तरी आश्चर्य वाटले नाही. ध्वनिपरिसर या विषयाचा पाया घालणारे कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी कॅनडाच्या रेल्वेच्या तीन सुरांच्या भोंग्याची कंपने नोंदवली आहेत: सेकंदाला सुमारे ३११, ३७० आणि ४७०. पहिल्याला षड्ज मानले तर दुसरा सूर कोमल गंधाराच्या आणि तिसरा पंचमाच्या अगदी जवळ येतो. सा, कोमल ग, प.

आता कोणी फाटकाशी उभा आहे आणि ताशी ऐंशी किलोमीटरने येणारी मालगाडी भोंगा न सोडता समोरून निघून गेली, असे धरू. गाडी जवळ येताना सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढलेला असतो आणि लांब जाताना तितकाच उतरलेला. म्हणजे ओलांडून जाण्याच्या त्या दोन-चार क्षणांत षड्ज घसरत कोमल निषादापाशी येतो. गाणाऱ्याला ही मींडच वाटेल. पण यातली गंमत अशी की तिन्ही सूर एकाच प्रमाणात घसरतात, त्यामुळे कंपनांचा प्रत्येक आकडा बदलला तरी कोमल गंधार कोमल गंधारच राहतो. आपला कान आकड्यांपेक्षा सुरांमधले नाते ऐकतो. काळी एक असो वा काळी चार, गायकाने कुठेही षड्ज धरला तरी आपण राग ओळखतो, तो याच जोरावर.

या नात्यातच भाव भरलेला असतो का, हा पुढचा प्रश्न. रात्रीचा तो भोंगा उदास वाटतो असे पुष्कळ जण म्हणतात, आणि पाश्चात्त्य संगीताचा अभ्यासक त्याचे कारण लगेच सांगेल: ही ‘मायनर’ सुरावट, तेव्हा दुःखी असणारच. या म्हणण्याला आपल्याकडून भक्कम पुरावाही देता येतो. मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्याची जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. हा स्वयंभू गंधार शुद्ध असतो, कारण मूळ कंपनाच्या पाचपट कंपनांचा अंशस्वर तिथेच पडतो. निसर्गाने शुद्ध गंधार दिला. मग त्याला खाली दाबून केलेला कोमल गंधार खिन्न वाटला तर नवल ते काय? युक्तिवाद देखणा आहे, पण आपलेच संगीत त्याला दाद देत नाही. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या चारांत कोमल गंधार आहे. त्यातल्या काफीत होळीचा रंग उधळला जातो. त्याच भातखंड्यांच्या समयविचारात कोमल गंधार-निषादाचे राग मध्यान्हाच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास येतात: दुपारी भीमपलास, रात्री बागेश्री, मालकंस. मध्यरात्रीची मालगाडी नकळत का होईना, वेळ पाळते म्हणायची! शिवाय २०१६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात बोलिव्हियातल्या चिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच रुचल्याचे आढळले. स्वरमेळाच्या गोडीतही सवयीचा वाटा मोठा आहे, असा त्याचा अर्थ.

तरीही सगळे सवयीवर सोडता येत नाही. लांबलेला, सावकाश, उतरत जाणारा सूर थकलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा असतो, आणि त्याची खूण बहुधा कुठल्याही कानाला पटते. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली की वर जाणारा आवाज वळून खाली येतो, म्हणून दिवसा न पोचणारा भोंगा रात्री मैलोन्मैल ऐकू येतो. कोणीतरी लांब जाते आहे हे त्यातून समजते. उदासी येते ती या अंतरातून आणि प्रहरातून. कोमल गंधार तिथे फक्त साथीला असतो. गिरणगावातला गिरणीचा भोंगा काही सुरेल नव्हता, मधुर तर नव्हताच. पण त्यावर पाळ्या बदलत, चुली पेटत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तो हळूहळू बंद पडला, तेव्हा मुंबईच्या त्या भागातले घड्याळच गेले. त्याचे भाव कुठल्याही थाटात शोधून सापडणार नाहीत.

यावर रुळांशेजारी राहणारा माणूस चिडून विचारेल: मग माझी झोपमोड म्हणजे माझ्या मनाचा खेळ का? मुळीच नाही, आणि इथे रसिकांनी गप्प बसावे. कॅनडाच्या नियमानुसार भोंग्याचा आवाज तीस मीटरवर किमान ९६ डेसिबल हवा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की साधारण सहा डेसिबल घटतात. म्हणजे जवळपास किलोमीटरभर लांबही ६६ उरतात. रेल्वेच्या आवाजाची रात्रीची सरासरी ४४ डेसिबलच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची मार्गदर्शिका सांगते. त्यात सरासरीची मखलाशी वेगळीच: वीस सेकंदांचा भोंगा रात्रभराच्या सरासरीत पातळ होतो, माणूस मात्र त्या वीस सेकंदांतच जागा होतो. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशींना राग कळत नाही. त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, मग समोर मालगाडी असो, ढोलताशा असो की आवडत्या गायकाची मैफल. आपल्याकडचे वाद नेमके इथेच फसतात. मिरवणुकीच्या आवाजावर कोणी डेसिबल दाखवतो, त्याला उत्तर म्हणून परंपरा दाखवली जाते. दोघेही खरे बोलतात आणि एकमेकांच्या प्रश्नाला हात लावत नाहीत. ढोलाचा ठेका अंगात का भिनतो हे डेसिबल सांगू शकत नाही, आणि पहिल्या रांगेतल्या पोराच्या कानाचे काय होते ते परंपरा सांगू शकत नाही.

कॅनडात यावर निघालेला तोडगा व्यवहारी आहे. फाटकावर पुरेशी सुरक्षा असेल तर नगरपालिकेला ठराव करून, रेल्वे कंपनीशी बोलून तिथला नेहमीचा भोंगा थांबवता येतो. गाडी मग मुकाट्याने जाते. पण रुळांवर माणूस किंवा जनावर दिसले तर ठराव असला तरी ड्रायव्हर भोंगा वाजवतोच. त्या वेळचा इशारा वेगळा, आखूड फुंकांची नुसती रांग: लघु, लघु, लघु, लघु.